रिपोर्टवर नुसते अक्षर नको, आकडाही हवा

महोदय,

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. ‘अमुक टक्के नमुन्यांत तमुक औषध निष्प्रभ’ असा मथळा असतो आणि वाचणारा घाबरतो. ती भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पण ही टक्केवारी ज्या चाचणीतून निघते ती कशी होते, कुठे चुकते, तिचा निकाल वाचताना काय बघायचे, यावर फारसे कुणी लिहीत नाही. लघवीचे, रक्ताचे किंवा पुवाचे ‘कल्चर’ (नमुन्यातले जिवाणू वाढवून तपासणे) केले की हातात येणाऱ्या कागदावर औषधांची यादी असते आणि प्रत्येक औषधासमोर एक अक्षर: ‘एस’ म्हणजे संवेदनशील, ‘आर’ म्हणजे प्रतिरोधक, ‘आय’ म्हणजे मधले. पुष्कळ रिपोर्टांवर त्या अक्षरामागचा आकडा नसतो, पद्धत नसते, कोणत्या वर्षीच्या निकषाने ते अक्षर दिले तेही नसते. हे सगळे रिपोर्टवर छापले जावे, एवढीच माझी मागणी आहे. ती का, हे सांगायचे तर आधी प्लेटपाशी जावे लागेल.

आजही सर्वाधिक परिचयाची पद्धत चकतीची. बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ साली ती प्रमाणित स्वरूपात मांडली. आगरच्या, म्हणजे प्लेटमध्ये थिजवलेल्या पोषक जेलीच्या, सपाट पृष्ठभागावर जिवाणूंचा एकसारखा थर द्यायचा, त्यावर ठरावीक मात्रेत औषध शोषलेल्या ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर उबवायची. औषध चकतीतून आगरात पसरत जाते, जवळ दाट आणि लांब विरळ. जिथवर ते त्या जिवाणूला रोखू शकते तिथवर काही उगवत नाही आणि चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरते. यालाच झोन म्हणतात. झोनची कड कुठे पडणार हे पहिल्या काही तासांतच ठरते: औषध किती झपाट्याने पसरले आणि तोवर जिवाणू किती वाढले, यावर. त्यामुळे या दोहोंपैकी एकाचाही वेग बदलला की मिलिमीटर बदलतात. जिवाणू तोच, औषध तेच, आणि तरी वर्तुळ वेगळे.

सुरुवात आगरपासून. यासाठी म्युलर-हिंटन आगरच लागते, साधे न्यूट्रिएंट आगर चालत नाही. त्याची खोली ४ मिलिमीटर हवी. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिलिलिटर ओतले की ती मिळते. थर पातळ पडला तर औषध खाली न जाता आडवे पसरते, झोन फुगतो आणि प्रतिरोधक जिवाणू संवेदनशील दिसू लागतो. थर जाड झाला की उलटे. ओतताना ओटा सपाट नसेल तर एकाच प्लेटमध्ये दोन्ही चुका होतात. पीएच ७.२ ते ७.४ दरम्यान हवा. तो खाली गेला तर जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड आणि एरिथ्रोमायसिनसारखी मॅक्रोलाइड औषधे दुबळी दिसतात आणि टेट्रासायक्लिन आहे त्याहून जोरदार. कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये प्लेट ठेवली तरी आगरचा पृष्ठभाग आम्लधर्मी होऊन हेच घडते. म्हणून ज्या जिवाणूंना त्या वायूची गरज आहे त्यांच्यासाठीच तो वापरायचा. कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त झाले तर स्यूडोमोनास या जिवाणूवर जेंटामायसिनचा झोन आकसतो. आगरात थायमिडीन हे पोषकद्रव्य उरले असेल तर को-ट्रायमोक्साझोलच्या झोनमध्ये धुरकट वाढ दिसते, कारण औषध जी वाट अडवते ती टाळून जिवाणूला आयता माल मिळतो.

आगर ठीक असले तरी बहुतेक घोळ पुढच्या पायरीवर होतो: जिवाणू किती घ्यायचे? आदल्या दिवशीच्या ताज्या आणि शुद्ध वाढीतून एकसारख्या दिसणाऱ्या तीन ते पाच वसाहती (जिवाणूंचे ठिपके) उचलून निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळतात आणि गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणाशी जुळवतात. ते प्रमाण घरचेच म्हणावे इतके साधे आहे: १ टक्का सल्फ्युरिक आम्लाच्या ९९.५ मिलिलिटरमध्ये १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचे ०.५ मिलिलिटर. बेरियम सल्फेटचा जो पांढुरका साका तयार होतो, तेवढाच गढूळ जिवाणूंचा द्राव हवा. ६२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे त्यातले शोषण ०.०८ ते ०.१३ भरायला हवे. इकोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या बाबतीत याचा अर्थ दर मिलिलिटरला सुमारे १० ते २० कोटी जिवाणू. प्रमाणाची नळी वापरण्यापूर्वी जोरात हलवायची, अंधारात ठेवायची आणि महिन्याकाठी तपासायची. गुठळ्या झाल्या की ती फेकायची. मागे काळ्या रेघांचा कागद धरून दोन्ही नळ्यांतून रेघा सारख्याच दिसतात का हे बघायला अर्धे मिनिट लागते. हे अर्धे मिनिट वाचवून नुसत्या नजरेने ‘आलं जवळपास’ म्हणणे हा या चाचणीतला सर्वात महागडा आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. द्राव दाट झाला की झोन लहान येतात आणि चांगले औषध रुग्णाच्या यादीतून गळते. पातळ झाला की झोन मोठे येतात आणि निकामी औषधाला ‘एस’ मिळतो. दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

द्राव तयार झाल्यापासून १५ मिनिटांत तो प्लेटवर लागला पाहिजे. कापसाचा निर्जंतुक स्वॅब बुडवून नळीच्या आतल्या भिंतीवर दाबून जास्तीचा द्राव काढायचा, मग प्लेट दर वेळी ६० अंशांनी फिरवत तीनदा संपूर्ण पृष्ठभागावर फिरवायचा आणि शेवटी कडेने एक फेरा घ्यायचा. पुढच्या १५ मिनिटांत चकत्या, दोन चकत्यांच्या केंद्रांत किमान २४ मिलिमीटर अंतर राखून. चकती आगरला टेकली की औषध उतरायला लागते. ती वाकडी पडली म्हणून सरकवायची नाही, नवी चकती दुसऱ्या जागी ठेवायची. त्यानंतर प्लेट उलटी करून १५ मिनिटांच्या आत ३५ अंश सेल्सिअसला. पाचाहून अधिक प्लेटा एकावर एक रचू नयेत. मधल्या प्लेटा उशिरा तापतात आणि तोवर औषध पसरत राहते. १६ ते १८ तास पूर्ण झाल्याशिवाय झोन मोजायचा नाही. वॉर्डातून फोन आला म्हणून १२ तासांनी प्लेट बाहेर काढून अंदाज सांगणे ही मदत नव्हे. लवकर निकालासाठी रक्ताच्या बाटलीतून थेट करायच्या जलद चाचण्यांचे वेगळे नियम आणि वेगळे निकष आहेत. साध्या चाचणीची प्लेट अर्ध्यात वाचून ते काम होत नाही. उलट एंटेरोकॉकस हा जिवाणू आणि व्हॅन्कोमायसिन हे औषध या जोडीला पूर्ण २४ तास द्यावे लागतात, नाहीतर प्रतिकार नजरेतून सुटतो.

चकत्यांची साठवण हा वेगळाच विषय. उणे २० अंशांना, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह त्या ठेवतात. डबी फ्रीजमधून काढून लगेच उघडली की आतल्या थंड चकत्यांवर दव साचते आणि इमिपेनेम, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांसारखी नाजूक औषधे मरू लागतात. डबी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडायची.

एवढ्या सगळ्या गोष्टी बिघडू शकतात, तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा? त्याचे उत्तर म्हणजे नियंत्रण जिवाणू. ज्यांचा झोन किती यावा हे जगभर ठरलेले आहे असे जिवाणू त्याच आगरवर, त्याच चकत्यांनी तपासायचे. इकोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी म्हणजे प्रमाणित जिवाणूंचा अमेरिकी संग्रह, पुढे त्यातला क्रमांक) वर १० मायक्रोग्रॅमच्या जेंटामायसिन चकतीचा झोन १९ ते २६ मिलिमीटर यायलाच हवा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ वर ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनचा २३ ते २९. आकडा या हद्दीबाहेर गेला तर त्या औषधाचा त्या दिवशीचा रुग्णाचा निकाल थांबवायचा आणि कारण शोधायचे. कारण आकडेच सांगतात. सगळे झोन लहान असतील तर द्राव दाट होता किंवा आगर जाड. अमिनोग्लायकोसाइडचे लहान आणि टेट्रासायक्लिनचा मोठा असेल तर पीएच उतरला आहे. एकाच औषधाचा लहान असेल तर ती डबी बाद. नियंत्रण जिवाणूंनाही जपावे लागते. एकाच वाढीतून महिनोन्‌महिने पुढे पुढे उतरवत नेले की ते बदलतात. स्यूडोमोनास एटीसीसी २७८५३ अशा वेळी इमिपेनेमला प्रतिकार दाखवू लागतो. म्हणून मूळ साठा उणे ६० किंवा त्याहून खालच्या तापमानात गोठवून ठेवायचा आणि रोजच्या कामासाठी त्यातून ठरावीक काळाने नवा उतरवून घ्यायचा.

आता झोन नीट मोजला असे समजू. २१ मिलिमीटर आला. हे ‘एस’ की ‘आर’? प्लेट याचे उत्तर देत नाही, तक्ता देतो. अमेरिकेतील सीएलएसआय आणि युरोपातील युकास्ट या संस्था दरवर्षी असे तक्ते प्रसिद्ध करतात. लघवीतल्या इकोलायसाठी ५ मायक्रोग्रॅमच्या सिप्रोफ्लॉक्सासिन चकतीचा सीएलएसआयचा जुना निकष असा होता: २१ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे ‘एस’, १५ किंवा कमी म्हणजे ‘आर’. २०१९ साली तो बदलला. आता २६ किंवा जास्त असेल तरच ‘एस’, २२ ते २५ ‘आय’, आणि २१ किंवा कमी म्हणजे ‘आर’. तोच जिवाणू, तोच २१ मिलिमीटरचा झोन. जुना तक्ता भिंतीवर चिकटलेला असेल तर औषध चालते, नवा असेल तर चालत नाही. विषमज्वराच्या साल्मोनेलाला आणखी कडक नियम आहे: तिथे ३१ मिलिमीटरच्या खाली ‘एस’ नाहीच. म्हणजे २८ मिलिमीटरचा झोन इकोलायला ‘एस’ आणि साल्मोनेलाला ‘आय’. जिवाणूची ओळख चुकली की अचूक मोजलेला आकडाही चुकीचे अक्षर देतो.

दोन संस्थांचे तक्ते एकमेकांत मिसळणे हा तर सरळसरळ धोका आहे. सेफोटॅक्झिमसाठी सीएलएसआय ३० मायक्रोग्रॅमची चकती सांगते, युकास्ट ५ ची. ३० ची चकती ठेवून युकास्टच्या तक्त्यात बघितले तर झोन मोठा दिसणार आणि प्रतिकार झाकला जाणार. ‘आय’चा अर्थही दोघांचा एक नाही. युकास्टने २०१९ पासून ‘आय’ म्हणजे ‘वाढीव मात्रेत संवेदनशील’ अशी व्याख्या केली आहे, अर्थात योग्य मात्रेत ते औषध वापरता येते. रिपोर्टवर संस्थेचे नाव आणि वर्ष नसेल तर डॉक्टरने तो ‘आय’ कसा वाचायचा?

झोनऐवजी एमआयसी दिलेली असते तेव्हा वाचणाऱ्याची हमखास एक गफलत होते. एमआयसी म्हणजे जिवाणूची दिसण्याजोगी वाढ थांबवणारे औषधाचे किमान प्रमाण. मूळ पद्धतीत ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये औषधाचे दुप्पट-दुप्पट होत जाणारे द्राव भरतात, प्रत्येक खळ्यात दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू येतील असे बघतात आणि १६ ते २० तासांनी पहिले स्वच्छ खळे शोधतात. आकडा लहान म्हणजे औषध चांगले, असे समजून रुग्ण आणि कधी कधी डॉक्टरही यादीतला सर्वात लहान आकडा निवडतात. हे चूक आहे. इकोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइनची एमआयसी ३२ (दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅम) असली तरी ते ‘एस’ आहे आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची १ असली तरी ते ‘आर’. एक औषध लघवीत प्रचंड साठते, दुसऱ्याचे मोजमाप रक्तातल्या पातळीशी बांधलेले. आकडा त्याच औषधाच्या निकषाशी ताडायचा, शेजारच्या औषधाशी नाही. शिवाय या पद्धतीत एक पायरी वर-खाली होणे ही मान्य त्रुटी आहे, त्यामुळे काल २ आणि आज ४ आले म्हणजे प्रतिकार वाढला असे होत नाही.

जिवाणू आणि औषध यांच्या काही जोड्यांत चकती मुळीच चालत नाही आणि तरी रिपोर्टवर तिचा निकाल दिसतो. कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो आगरात नीट सरकतच नाही. प्रतिरोधक आणि संवेदनशील जिवाणूंचे झोन एकमेकांत मिसळून जातात. पट्टीची पद्धतही (चढत्या प्रमाणात औषध लावलेली पट्टी आगरवर ठेवून एमआयसी वाचणे) त्यासाठी भरवशाची नाही. द्रव माध्यमातली एमआयसीच करावी लागते. सीएलएसआयने तर २०२० पासून कोलिस्टिनचा ‘एस’ हा वर्गच काढून टाकला: २ किंवा कमी म्हणजे ‘आय’, ४ किंवा जास्त म्हणजे ‘आर’. तेव्हा सीएलएसआयचे नाव छापून ‘कोलिस्टिन – एस’ लिहिलेला ताजा रिपोर्ट दिसला तर त्या प्रयोगशाळेला जरूर विचारावे. स्टॅफिलोकॉकस आणि व्हॅन्कोमायसिन हीच गोष्ट: चकतीने कळत नाही, एमआयसी हवी.

याच्या उलट, चकतीच जे सहज दाखवते तेही कित्येकदा केले जात नाही. स्टॅफिलोकॉकसवर १५ मायक्रोग्रॅम एरिथ्रोमायसिन आणि २ मायक्रोग्रॅम क्लिंडामायसिन या चकत्या १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर शेजारी ठेवायच्या. क्लिंडामायसिनचा झोन एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटा होऊन इंग्रजी ‘डी’सारखा दिसला, तर तो जिवाणू एरिथ्रोमायसिनच्या चाहुलीने क्लिंडामायसिनचाही प्रतिकार उभा करतो. झोन कितीही मोठा असो, क्लिंडामायसिन ‘आर’ द्यायचे. जास्तीचा खर्च काहीच नाही, फक्त चकत्या शेजारी हव्यात. तसेच सेफॉक्सिटिनचा झोन स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये २१ किंवा कमी आला की तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला आणि त्याच्या गटातल्या औषधांना दाद न देणारा. मग सेफाझोलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट यांचे झोन काहीही म्हणोत, ती कामाची नाहीत. शिगेला किंवा साल्मोनेलावर जेंटामायसिनचा झोन प्लेटमध्ये छान दिसतो, रुग्णात ते काम करत नाही. क्लेब्सिएलाला अँपिसिलिन जन्मतःच लागू पडत नाही. तिथे ‘एस’ छापला गेला असेल तर जिवाणूची ओळख तरी चुकली आहे किंवा चाचणी तरी.

स्वयंचलित यंत्रांनी यातले पुष्कळ हातकाम कमी केले आहे, आणि ते चांगलेच आहे. पण यंत्रालाही द्राव माणूसच देतो. तो द्राव शुद्ध होता का, हे बघायला त्याचा थेंब दुसऱ्या प्लेटवर लावून दुसऱ्या दिवशी तपासावा लागतो. दोन जिवाणू मिसळले असतील तर यंत्र दोघांचा मिळून एक निकाल बिनदिक्कत छापते. आणि यंत्राच्या संगणकातले निकष आपोआप अद्ययावत होतातच असे नाही.

नमुन्याबद्दल थोडेच लिहितो, पण ते रुग्णाच्या हातात आहे. मधल्या धारेची लघवी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे, नाहीतर ४ अंशांना ठेवली पाहिजे. उन्हात राहिलेल्या डबीत मोजकेच जिवाणू लाखांवर जातात आणि नसलेल्या संसर्गावर औषध सुरू होते. रक्ताचे कल्चर प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी, मोठ्या माणसाचे दर बाटलीत ८ ते १० मिलिलिटर आणि दोन वेगवेगळ्या जागांहून. लघवीच्या कॅथेटरचे टोक कापून ‘कल्चर’ला पाठवू नये, त्यावर जे उगवते त्याचा मूत्रमार्गाच्या संसर्गाशी संबंध लावता येत नाही.

तेव्हा रिपोर्टवर काय हवे? नमुना कोणता आणि कधी घेतला, जिवाणूचे पूर्ण नाव, चकती की एमआयसी, प्रत्येक औषधाचा मिलिमीटर किंवा एमआयसीचा आकडा, आणि निकष कोणत्या संस्थेचे, कोणत्या वर्षीचे. नियंत्रण जिवाणूंची नोंद रिपोर्टवर नसली तरी मागितल्यावर दाखवता आली पाहिजे. याला कागदावर चार ओळी लागतात. काही प्रयोगशाळाप्रमुख म्हणतात की आकडे दिले की रुग्ण गोंधळतो. गोंधळेल, पण पुढचा डॉक्टर गोंधळणार नाही; आणि निकष बदलले तर जुना रिपोर्ट नव्याने वाचता येईल. नुसते अक्षर असलेला रिपोर्ट पुन्हा वाचता येत नाही.

आता आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. प्रतिकाराची टक्केवारी छापताना तिच्यासोबत कोणता जिवाणू, किती रुग्णांचा आणि कोणत्या नमुन्यातला, एवढे जरूर छापावे. एका रुग्णाच्या पाच नमुन्यांतून तोच प्रतिरोधक जिवाणू पाच वेळा मोजला की टक्केवारी फुगते. प्रत्येक रुग्णाचा त्या काळातला पहिलाच जिवाणू मोजायचा असा नियम आहे. ३० हून कमी जिवाणूंवरून टक्केवारी काढू नये. सगळे जिवाणू एकत्र करून ‘अमुक औषध ६० टक्के निष्प्रभ’ म्हणण्याला अर्थ नाही, कारण त्यातल्या काहींना ते औषध कधीच लागू नव्हते. घरी राहणाऱ्या रुग्णांत लघवीचे कल्चर बहुधा आधीच्या औषधाने गुण न आलेल्यांचे होते, त्यामुळे त्यातला प्रतिकार एकूण समाजापेक्षा जास्तच दिसतो. आणि शेवटचे: अनेक ठिकाणी राखीव औषधे पहिली औषधे निकामी ठरलेल्या जिवाणूंवरच तपासली जातात. अशा निवडक जिवाणूंवरून काढलेला मेरोपेनेमचा आकडा सरसकट सगळ्यांचा म्हणून छापला जातो. तो आकडा देणाऱ्याला बातमीदाराने एकच प्रश्न विचारावा: हे औषध सगळ्या जिवाणूंवर तपासले होते, की फक्त उरलेल्यांवर?

आपला,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ